कारागिराची मजुरी: दर किती, आणि दर कशाच्या मापावर? (जळगाव-धुळे-नंदुरबार)

चोपडा_फेज (धागाकर्ता)
आयटीआय इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं पूर्ण केलेल्या पोरासमोर आपल्याकडे सध्या तीन वाटा दिसतात.
१) जळगाव एमआयडीसीत पाईपच्या नाहीतर चटईच्या कारखान्यात मेंटेनन्स. १२ तासांची पाळी, पगार २२ हजार सांगतात.
२) यावल-रावेर पट्ट्यात सबमर्सिबल रिवाइंडिंगच्या (बोअरची जळालेली मोटार पुन्हा गुंडाळण्याच्या) दुकानात पीसवर. एच.पी.ला १२० रुपये.
३) घरांच्या वायरिंगला मिस्त्रीच्या हाताखाली हजेरी, हात बसला की पॉइंटच्या (दिवा, पंखा, सॉकेट असं एकेक ठिकाण) दराने स्वतः कामं.
ऐकायला तिन्ही बऱ्या वाटतात. आतला हिशोब माहीत असलेल्यांनी आकडे फोडून सांगावेत. "मेहनत कर, पैसा येईल" असले प्रतिसाद नकोत. वेल्डर, गवंडी यांच्या दराबद्दल लिहिलंत तरी चालेल.

पाळी_ब
पहिल्या वाटेचा हिशोब मांडतो. २२ हजार हा १२ तासांचा आकडा आहे, तो आधी ८ तासांवर आणा. जादा कामाला कायद्याने दुप्पट दर आहे. म्हणजे ८ साधे तास आणि ४ जादा तास मिळून रोज १६ तासांचे पैसे झाले पाहिजेत. २२,००० भागिले २६ दिवस, भागिले १६, तासाला ५३ रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्याला ८ आणि २६ ने गुणा, ११,००० येतात. तर ही ऑफर ८ तासांच्या ११ हजारांची आहे.

आता हे ११ हजार त्या उद्योगाच्या किमान वेतनाशी ताडून बघा. बघताना तीन गोष्टी लागतात: गाव कोणत्या परिमंडळात येतं, कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल वर्गात दाखवलाय, आणि चालू सहामाहीचा विशेष भत्ता किती. भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो. आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियनला कागदोपत्री "हेल्पर" लावायची पद्धत जुनी आहे, कारण वर्ग खाली गेला की किमान वेतनही खाली येतं. नेमणूकपत्रात हुद्दा काय लिहिलाय ते सही करायच्या आधी वाचा.

आणखी एक. रोज ४ म्हणजे महिन्याला १०४ जादा तास. ओव्हरटाइमच्या तिमाही मर्यादेत ते बसत नाहीत, म्हणून पगारपत्रकावर ते दिसणारही नाहीत. तिथे ८ तासांची हजेरी असते आणि खाली "उत्पादन भत्ता" नावाची एक ओळ. त्या ओळीवर पीएफ कापला जात नाही, आणि काम कमी झालं की पहिली तीच ओळ जाते.

गिरणाथडी
कागदवरना आकडा नका देखू भाऊ, हातमा काय येस ते देखा.

पाळी_ब
@गिरणाथडी, तेच मांडतो. समजा कंपनी ८ तासांना महिन्याचा ढोबळ पगार १८,००० देते, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,०००. कंपनीच्या बाजूने खर्च असा: पीएफ प्रशासकीय शुल्क आणि विम्यासकट १३ टक्के म्हणजे १,९५०, ईएसआय (कामगार राज्य विमा) ३.२५ टक्के म्हणजे ५८५, बोनस ८.३३ टक्क्यांनी १,२५०, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के म्हणजे ७२२. बेरीज २२,५०७. मुलाखतीत हाच आकडा "पॅकेज" म्हणून सांगतात.
पोराच्या बाजूने: पीएफ १,८००, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १३५, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १५,८६५. बस आणि कॅन्टीन कापत असतील तर तेही यातूनच.
सांगितलेले साडेबावीस हजार आणि हातात आलेले पावणेसोळा यात कुणी चोरी केलेली नाही. पीएफ तर पोराचाच आहे. पण रिवाइंडिंगच्या रोख पैशाशी तुलना करताना दोन्हीकडे एकच आकडा धरा: एकतर हातातला, नाहीतर सगळा.

केळीबाग_रावेर
ईएसआय २१ हजारांपर्यंतच ना? ओव्हरटाइम धरून २१ च्या वर गेलं तर कार्ड बंद होतं का?

पाळी_ब
नाही. मर्यादेसाठी ओव्हरटाइम मोजत नाहीत, वर्गणी मात्र त्यावरही कापतात. आणि मध्येच पगारवाढ होऊन २१ हजार ओलांडले तरी एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च यातला चालू कालखंड संपेपर्यंत वर्गणी चालू राहते, उपचारही.

बोअर_चोवीस_स्लॉट
दुसऱ्या वाटेवर लिहितो. "एच.पी.ला १२०" हा दर सरळ वाटतो, पण वाइंडरची मेहनत एच.पी.त नसते, टर्नमध्ये (तारेच्या वेढ्यांत) असते. पाणी भरलेल्या सबमर्सिबलच्या स्टेटरला (मोटारीचा न फिरणारा, तार भरलेला भाग) मोनोब्लॉकसारखी (जमिनीवरच्या पंपासारखी) फर्म्यावर कॉइल करून वरून बसवता येत नाही. पॉलीची (प्लास्टिक आवरणाची) वायर एकेक टर्न करून स्लॉटमधून (स्टेटरच्या खाचेतून) ओवावी लागते. एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा. व्होल्टेज तेच असल्यामुळे लहान मोटारीला टर्न जास्त आणि वायर बारीक, मोठीला टर्न कमी आणि वायर जाड. म्हणजे ३ एच.पी.ला ३६० रुपये मिळतात आणि ओवाओवी जास्त, १० एच.पी.ला १,२०० मिळतात आणि ओवाओवी कमी. जाड वायर वळवायला ताकद लागते हे खरं, पण तिप्पट नाही लागत.

याचा परिणाम दुकानात कुठेही दिसेल. ३ आणि ५ च्या मोटारी नव्या पोराच्या गळ्यात, साडेसात आणि १० च्या जुन्या कारागिराच्या पाटावर. म्हणून पीसवर जाताना एच.पी.चा दर वाढवून मागण्यापेक्षा "५ एच.पी.पर्यंत ठोक किमान मजुरी, त्याच्या पुढे एच.पी.प्रमाणे" असं ठरवा. चार इंची बोअरची मोटार वेगळी धरा. तिचा स्टेटर अरुंद आणि लांब असतो, हात घालायला जागा नाही.

दुसरा मुद्दा समोरच्या टोकाच्या माणसाचा. त्याचा रोज कोण देणार? उदाहरणच मांडतो, आकडे धरलेले आहेत. हंगामात दिवसाला एक ५ ची आणि एक ३ ची निघाली तर ९६०. हेल्परचे ४०० कारागिराने द्यायचे असतील तर उरले ५६०. आपल्याकडे मोटारी जळण्याचा खरा हंगाम फेब्रुवारी ते मे. केळीला पाणी थांबवता येत नाही, बोअरची पातळी खाली गेलेली असते आणि व्होल्टेज पडलेलं. ऑक्टोबर ते जानेवारी काम निम्म्यावर धरा, जून ते सप्टेंबर पाव. ५६० च्या हिशोबाने हंगामाचे चार महिने ५८,२४०, मधले चार २९,१२०, पावसाळी चार १४,५६०. वर्षाचे १,०१,९२०, महिना साडेआठ हजार. हेल्पर दुकानदाराचा असेल तर तेच काम १,७४,७२० चं होतं. एच.पी.चा दर एका रुपयाने न हलता वर्षाला ७२,८०० चा फरक.

चोपडा_फेज
हे डोक्यातच आलं नव्हतं. मग उचलीचं काय? पावसाळ्यात दुकानदार उचल देतात म्हणे.

बोअर_चोवीस_स्लॉट
देतात, आणि ती फेब्रुवारीपासून मजुरीतून कापतात. नुकसान कापण्याने होत नाही. ते होतं दर गोठण्याने. उचल अंगावर असलेला माणूस ऐन हंगामात दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही, आणि मजुरी वाढवून मिळते ती नेमकी हंगामातच. उचल घ्यायचीच तर आकडा आणि पुढच्या हंगामाचा दर एकाच कागदावर लिहून घ्या.

तापी_काठ
परत आलेल्या मोटारींबद्दल लिहा ना. मजुरी तिथेच बुडते.

बोअर_चोवीस_स्लॉट
लिहितो. गॅरंटीत मोटार जळून आली की दुकानदार म्हणतो वाइंडिंग कच्चं, शेतकरी म्हणतो मोटार कच्ची. वाइंडरने खोलल्याबरोबर फोटो काढावेत, कारण दोष कुणाचा ते कॉइल बघून बऱ्यापैकी कळतं.

स्टार आणि डेल्टा या तीन फेजची वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती. स्टार जोडणीत दोन फेज काळे आणि एक कोरा: एक फेज गेलेला असताना मोटार चालली. डेल्टात उलटं, एक काळा आणि दोन कोरे. दोन्हीत वाइंडरचा संबंध नाही. स्टार्टरचा सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारा) बायपास केलेला असतो, किंवा रिले मोटारीच्या करंटपेक्षा वर लावून ठेवलेला असतो.

तिन्ही फेज सारखे करपले: कमी व्होल्टेज, जाम पंप, किंवा पाणी खाली जाऊन कोरडी चालली. कोरडी चालली असेल तर बुश आणि थ्रस्ट बेअरिंगही भाजलेले दिसतात. मोटार सोडताना आत स्वच्छ पाणी भरून हवा काढली नसेल तरी बेअरिंगची हीच गत होते. ती चूक सोडणाऱ्या टोळीची.

एकाच जागी छिद्र पडल्यासारखा डाग, बाकी वायर नवी कोरी: इथे वाइंडरने मान खाली घालावी. ओवताना स्लॉटच्या काठावर पॉली सोललं गेलं, स्लीव्ह बसवली नाही, किंवा आतला जॉइंट कच्चा राहिला. हे टाळायला शेवटची तपासणी पाण्यातच करायची. तिन्ही फेजचा रेझिस्टन्स सारखा आहे का ते बघा, मग स्टेटर रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) रीडिंग घ्या. कोरड्या स्टेटरवरच्या मेगरला काही अर्थ नाही, सोललेली वायरसुद्धा कोरडी असताना चांगलीच दाखवते.

आणि मेगर कमी आली म्हणून लगेच स्टेटर फोडू नका. आधी केबलचा जॉइंट कापून नुसती मोटार मोजा. पुष्कळदा पाणी जॉइंटच्या टेपमधून शिरलेलं असतं.

केळीबाग_रावेर
शेतकऱ्याच्या बाजूनेही लिहितो. गॅरंटीच्या चिठ्ठीवर "सिंगल फेज गेल्यास गॅरंटी नाही" एवढंच छापलेलं असतं, पण खोलताना आम्हाला बोलवत नाहीत. बोलवलं तर निम्मी भांडणं मिटतील. आणि जुनं तांबं कुणाचं हेही चिठ्ठीवर असावं. काही दुकानं ते ठेवून घेतात म्हणूनच मजुरी कमी सांगतात, ग्राहकाला वाटतं स्वस्तात झालं.

बोअर_चोवीस_स्लॉट
बरोबर. तांबं दुकानात राहत असेल तर कारागिराला सांगितलेली "जास्त मजुरी परवडत नाही" ही सबबही तितकीच पोकळ.

सौर_धुळे
वाट दोन निवडणाऱ्याने पुढची पाच वर्षंही बघावीत. कुसुम आणि मागेल त्याला सौर कृषी पंप या योजनांतले ३, ५ आणि साडेसातचे पंप पाच वर्षांच्या देखभालीसकट पुरवठादाराच्या अंगावर असतात. ते जळले तरी गावातल्या दुकानात येत नाहीत. जिथे असे पंप जास्त बसले तिथे ३ आणि ५ च्या रिवाइंडिंगचं काम पातळ होणार. खोल बोअरच्या १० च्या वरच्या मोटारी मात्र वीजजोडणीवरच आहेत.
पाच वर्षं संपली की हे सगळे पंप बाजारात दुरुस्तीला येतील. त्यांच्यात बिघाड कंट्रोलरमध्ये, एमसी-४ कनेक्टरमध्ये (पॅनलच्या तारा जोडायचा) आणि अर्थिंगमध्ये जास्त सापडतो. डीसी बाजू उघडताना आधी आयसोलेटर बंद, मगच कनेक्टर. चालू लोडवर एमसी-४ ओढला तर डीसीचा आर्क विझत नाही. वाइंडिंगसोबत हे शिकलेला माणूस त्या वेळी आपला दर आपण सांगेल.

सहा_जी
वेल्डरचं विचारलंय म्हणून. गावातल्या फॅब्रिकेशनला मजुरी किलोवर असते. गेट, ग्रिल, ट्रॉली, शेड. किलोचा दर म्हटला की पहिला प्रश्न: माल कोणता? शेडच्या जाड अँगलचे १०० किलो दुपारपर्यंत जोडून होतात, १८ गेजच्या पाईपची नक्षीदार ग्रिल १०० किलो व्हायला दिवस मोडतात. जॉइंट तिप्पट आणि वजन नाही. शिवाय पातळ पाईपला भोक पडतं, ग्राइंडिंग वाढतं. ग्रिल चौरस फुटावर घ्या, शेड किलोवर.

पाईपिंगमध्ये माप "इंच-डाया". सहा इंची पाईपचा एक जॉइंट म्हणजे सहा इंच-डाया, मग भिंत कितीही जाड असो. इथेच नवे लोक फसतात. सहा इंची शेड्यूल ४० ची (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा वर्ग) भिंत ७.११ मिमी, शेड्यूल ८० ची १०.९७. व्ही-गाळ्यात भरायचं मटेरियल जवळपास दुप्पट, मजुरी तेवढीच. ठेकेदाराने ड्रॉइंग दाखवल्याशिवाय इंच-डायाचा दर मान्य करू नये. शेड्यूल ८० आणि वरच्याचा दर वेगळा लावून घ्या. अलॉय असेल, पी-९१ वगैरे, तर तो इंच-डायावर घ्यायचाच नाही, रोजावर घ्यायचा. प्रीहीटला (जॉइंट आधी तापवायला) वेळ जातो, मध्ये थांबता येत नाही.

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या किंवा साखर कारखान्याच्या शटडाउनला (दुरुस्तीसाठी बंद असताना) ६जी (तिरक्या, न फिरणाऱ्या पाईपच्या वेल्डिंगची चाचणी) पास झालेल्या टिग-आर्क वेल्डरला रोज चांगला मिळतो. राहणं-जेवण वेगळं, पाळी १२ तासांची. पण शटडाउन काही आठवड्यांचं असतं, पुढचं बोलावणं कधी येईल त्याचा नेम नाही. त्या रोजाला ३० ने गुणून महिन्याचा पगार म्हणू नका. बॉयलरच्या दाबाखालच्या भागाला आयबीआरचं (भारतीय बॉयलर नियमांचं) प्रमाणपत्र लागतं. ते ठरावीक जाडी, व्यास आणि मटेरियलपुरतं असतं आणि नूतनीकरण चुकलं की रोज एकदम साध्या वेल्डरच्या रोजावर येतो.

गिरणाथडी
आणि रिपेअरचे पैसे?

सहा_जी
कोणी देत नाही. एक्स-रेमध्ये जॉइंट फेल गेला की ग्राइंडिंग, पुन्हा वेल्डिंग, पुन्हा फिल्म, सगळं वेल्डरच्या वेळात. म्हणून रॉड कुणी भाजले ते विचारा. ७०१८ चा वेल्डिंग रॉड ३०० ते ३५० अंशांना ओव्हनमध्ये भाजून, पोर्टेबल ओव्हनमधूनच एकेक काढून वापरायचा असतो. उघड्या पाकिटातला पावसाळी हवेतला रॉड वापरला की पोरोसिटी (जॉइंटमध्ये बारीक पोकळ्या) येणारच. ओव्हन बंद ठेवून "तुझा हात कच्चा" म्हणणारे ठेकेदार आहेत. ओव्हन ठेकेदाराने दिला नाही हे पर्यवेक्षकाच्या वहीत त्याच दिवशी लिहून घ्या. मुळाचा पास (पहिला थर) नीट बसला नाही, बाजू फ्यूज झाली नाही, हे मात्र हाताचेच दोष, तिथे वाद घालू नये.

वीट_वाळू
गवंड्याचं थोडक्यात. प्लास्टर चौरस फुटावर घेता तेव्हा दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही हे आधी ठरवा. आय.एस. १२०० ची (बांधकाम मोजमापाचं भारतीय मानक) पद्धत अशी: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं उघडं माप वजा नाही, अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूचं वजा, कारण कडा फिरवायला मेहनत जातेच. तीनच्या वर दोन्ही बाजू वजा, पण मग कडांचं माप वेगळं धरायचं. मालक दोन्ही बाजू वजा करतो आणि कडाही फुकट करून घेतो. त्यात गवंड्याची मजुरी सरळ बुडते.
एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला दुपारी परांचीवर उभं राहवत नाही. सकाळी सहाला लागून अकरापर्यंत, मग चारनंतर. काम दोन तुकड्यांत होतं, माल दोनदा कालवावा लागतो, बिगारी मात्र दिवसभर अडकलेला. उन्हाळ्याचा दर थोडा जास्त मागितला तर मालकाने नाक मुरडू नये. आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी कराच. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो काम चालू असतानाच ठेकेदाराकडून घ्या. काम संपल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही.

झिरी_पॉइंट
तिसरी वाट राहिली. पॉइंटचा दर ठरवताना "पॉइंट" मध्ये काय काय येतं यावरच सगळं आहे. झिरी मारणं (पाईपसाठी भिंतीत खाच), पाईप, बॉक्स, वायर ओढणं, स्विच-प्लेट बसवणं, झिरी बुजवणं. शेवटचं गवंड्याकडे की तुमच्याकडे? १६ अँपियरचा पॉइंट दीड की दोन धरायचा? डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड), इन्व्हर्टरची वेगळी लाइन, अर्थिंग, टीव्ही-नेटची केबल या गोष्टी पॉइंटमध्ये नसतात, आणि मालक त्या आहेतच असं समजतो.

हिशोबाला आकडे धरू. ८० पॉइंट, पॉइंटला २००, म्हणजे १६,०००. मिस्त्रीचा रोज ९०० आणि हेल्परचा ५०० धरला तर रोजचे १,४००. साडेअकरा दिवसांत काम उरकलं तर हजेरीइतके सुटले. बाराव्या दिवसापासून तुम्ही घरचं खाऊन काम करताय. आणि हेल्परचे ५०० पहिले जातात, तोटा सगळा मिस्त्रीचा.

दिवस कुठे वाढतात? स्लॅबमध्ये. स्लॅबची पाईपिंग करताना जॉइंटला सोल्युशन लावलं नाही, पाईप सळईला बांधला नाही, तोंडं बंद केली नाहीत, की काँक्रीट ओतताना व्हायब्रेटरने पाईप सुटतो आणि सिमेंटचं पाणी आत जातं. दोन महिन्यांनी वायर ओढायला गेलं की अडकते. मग छत फोडा नाहीतर भिंतीवरून फिरवून आणा. एका बंद पाईपमागे एक दिवस धरा. म्हणून स्लॅब पडताना एक माणूस तिथे उभा पाहिजे, आणि त्याचा रोज दरात धरलेला पाहिजे.

पैसे टप्प्याने घ्या: स्लॅबची पाईपिंग झाली की एक भाग, भिंतीची झाली की दुसरा, वायर ओढली की तिसरा, फिटिंगला शेवटचा. फिटिंगचा टप्पा फार मोठा ठेवू नका. रंगकाम लांबतं, मालकाचे पैसे फरशीत आणि फर्निचरमध्ये संपतात आणि तुमची बाकी वास्तुशांतीनंतरवर जाते.

चोपडा_फेज
मग एकंदर तिसरी वाटच बरी की काय?

झिरी_पॉइंट
हजेरीवर शिकायला बरी. पॉइंटवर स्वतः घ्यायला भांडवल लागतं, सामानाचं नाही तर थांबायचं. दोन-तीन कामांची बाकी अडकली तरी हेल्परचा रोज दर शनिवारी द्यावाच लागतो.

भुसावळ_यार्ड
चौथी वाट कुणीच लिहिली नाही. अप्रेंटिस. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला किमान विद्यावेतन ७,७०० ठरलं, दुसऱ्या वर्षी त्यावर १० टक्के. हे मजुरीपेक्षा कमीच आहे, पीएफ-ईएसआयही नाही, म्हणून पोरं नाक मुरडतात. पण रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल-१ च्या (सर्वांत खालच्या श्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत. टेक्निशियन ग्रेड-३ ची भरती आयटीआयवरच होते, मूळ वेतन १९,९०० आणि वर महागाई भत्ता, घरभाडे. जागा थोड्या आणि अर्ज फार, त्यामुळे यावर सगळं सोडून बसायचं नाही. पण अप्रेंटिसचं प्रमाणपत्र वाया जात नाही. वायरमन परवान्यालाही ते पुढे उपयोगी पडतं.

पाळी_ब
आणि कारखान्यातल्या मेंटेनन्सला पगार वाढतो तो वर्षांवर नाही, बंद पडलेली लाइन किती लवकर चालू करता यावर. पाईपच्या एक्स्ट्रूडरवर हीटरबँड बदलणारा आणि ड्राइव्हचा फॉल्ट वाचून पॅरामीटर दुरुस्त करणारा यांच्या पगारात मोठं अंतर आहे. लाइन थांबली की बॅरलमध्ये पीव्हीसी जळतं, स्क्रू साफ करण्यात पाळी जाते. पहिल्या वर्षी थर्मोकपल (तापमान मोजणारा), एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा रिले), कंट्रोलर वायरिंग. दुसऱ्या वर्षी व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि पीएलसीचे (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरचे) इनपुट-आउटपुट बघायला शिका. शिकायची सोय नसेल तर त्या १२ तासांना अर्थ नाही.

तापी_काठ
पुण्याच्या चाकणला, नाशिकच्या अंबडला पगार जास्त म्हणून जाणाऱ्यांनी खोलीभाडं, मेस आणि महिन्याला एक फेरी वजा करूनच आकडा बघावा. पाच हजारांचा फरक तिथेच विरतो. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) सेटर व्हायचं असेल तर जावं, नुसतं बटण दाबायला जाऊ नये.

चोपडा_फेज
वायरमन परवाना काढला तर पॉइंटच्या कामात दर वाढतो का? मालक तर विचारतही नाहीत.

झिरी_पॉइंट
पॉइंटला मालक एक रुपया जास्त देत नाही. फरक पडतो जोडणीच्या वेळी. महावितरणच्या नव्या जोडणीला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. ठेकेदाराला परवाना राखायला पर्यवेक्षक आणि परवानाधारक वायरमन नेमावे लागतात, म्हणून परवाना असलेल्या वायरमनला हजेरीऐवजी महिन्यावर ठेवतात. पुढे पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, मग ठेकेदाराचा परवाना. शाळा, दवाखाने, सरकारी इमारतींची कामं तिथून पुढे मिळतात. तिथे मोजमाप पुस्तिकेवर बिल निघतं, दर आधीच ठरलेला असतो.
फक्त एक बघा: टेस्ट रिपोर्टवर सही म्हणजे जबाबदारी. मेगर घेतल्याशिवाय, अर्थचा रेझिस्टन्स मोजल्याशिवाय, ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारी) बटण दाबून पडते का ते बघितल्याशिवाय सही विकू नका. अपघात झाला की विद्युत निरीक्षक आधी तोच कागद मागतो.

केळीबाग_रावेर
अर्थिंग पॉइंटच्या दरात नाही म्हणालात. मग ते कसं लावायचं?

झिरी_पॉइंट
खड्ड्यावर. खड्डा कोण खोदणार ते आधी ठरवा. तापीकाठच्या काळ्या मातीत खोदाई सोपी आणि रेझिस्टन्सही लवकर खाली येतो. साक्री-पिंपळनेरकडे मुरूम-खडक लागला की एका अर्थला खोदाईतच दिवस जातो, कधी दोन अर्थ समांतर जोडावे लागतात. म्हणून तिकडे "अर्थिंगसकट" असा ठोक दर देऊ नका. खोदाई मालकाची, इलेक्ट्रोड बसवणं, पट्टी जोडणं आणि मोजून दाखवणं आपलं, असं लिहून द्या.